घरशाळेसाठी अभ्यासक्रम आणि साधनं कशी निवडायची

मुलाला घरीच शिकवायचं ठरलं की बहुतेक पालक पहिल्या आठवड्यात शोधत बसतात. ऑनलाइन अभ्यासक्रम, ॲप, वर्कशीट, पुस्तकांचे तयार संच, व्हिडिओ, असं खूप काही समोर येतं आणि सगळंच हवंसं वाटतं. आपल्या हातून काही राहून गेलं तर मूल मागे पडेल, ही धाकधूक त्यामागे असते. म्हणून आधीच स्पष्ट सांगते: सुरुवातीचे एक-दोन महिने काहीही विकत घेऊ नका. वर्षभराचं सदस्यत्व तर नकोच. घरशाळेत साधनं सहसा कमी पडत नाहीत, जास्त होतात. पाच ॲपवर दहा-दहा मिनिटं घालवणाऱ्या मुलापेक्षा गणिताचं एकच पुस्तक शेवटपर्यंत नेणारं मूल बरंच पुढे जातं. आधी मूल नीट पाहायचं, मग गणित आणि भाषेची पक्की घडी बसवायची आणि बाकीची साधनं गरज दिसेल तशी एकेक आणायची. खालच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: तुमच्या देशातला नियम

हे कंटाळवाणं काम आहे, पण पहिलं आहे. जर्मनीत मुलाने शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि घरशिक्षणाला जवळजवळ वावच नाही. फ्रान्समध्ये २०२२ च्या शालेय वर्षापासून आधी परवानगी घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये घरी शिकवता येतं आणि तिथला राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळण्याचं बंधन पालकांवर नसतं. अमेरिकेत पन्नासही राज्यांत घरशाळा कायदेशीर आहे, पण नियम राज्यागणिक बदलतात: न्यूयॉर्कमध्ये वार्षिक आराखडा आणि तिमाही अहवाल द्यावे लागतात, तर काही राज्यांत साधी सूचनाही द्यावी लागत नाही. भारतात घरशाळेसाठी वेगळा कायदा नाही. मोठ्या परीक्षांसाठी मुक्त शाळांचा मार्ग मात्र आहे.

साधनं निवडण्यापूर्वी हे पाहायचं कारण व्यावहारिक आहे. जिथे तिमाही अहवाल मागतात तिथे प्रगतीची नोंद आपोआप ठेवणारा कार्यक्रम सोयीचा पडतो. जिथे कोणी काही विचारत नाही तिथे त्याच सोयीसाठी पैसे मोजण्यात अर्थ नसतो. नियम अधिकृत सरकारी संकेतस्थळावरच वाचा. दुसऱ्या पालकांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्या राज्यापुरती किंवा त्यांच्या वर्षापुरती खरी असू शकते.

पायरी २: मूल पाहायचे आठवडे

शाळेतून नुकतंच बाहेर पडलेलं मूल काही काळ 'आता काय करू?' असं विचारत फिरतं, कंटाळतं, कधी चिडतं. हा काळ जाऊ द्यावा लागतो. त्यात अभ्यासाची सक्ती केली की घरीही शाळेसारखीच ओढाताण सुरू होते, आणि मग कितीही चांगला अभ्यासक्रम आणला तरी तो नावडता होतो.

पण हे आठवडे रिकामे नसतात. एक साधी वही करा आणि रोज रात्री दोन-तीन ओळी लिहा. मूल कशात रमलं? कोणत्या वेळी डोकं ताजं होतं? ऐकून पटकन समजतं की हाताने करून पाहावं लागतं? वाचायला दिलं तर किती मिनिटांनी नजर भटकते? एखादी गोष्ट जमली नाही की पुन्हा करून पाहतं की सोडून देतं? या नोंदींवरून पुढे नेमके निर्णय घेता येतात. चटकन हात टेकणाऱ्या मुलाला चुकलं की लाल फुली दाखवून घड्याळ लावणारं ॲप देऊ नये, हे त्या वहीतूनच कळतं.

मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर ही पायरीच पुष्कळ आहे. फिनलंडमध्ये सक्तीचं शिक्षण मूल सात वर्षांचं होतं त्या वर्षी सुरू होतं. गोष्टी ऐकणं, माती, पाणी, ठोकळे, चित्रं, घरकामात हातभार एवढं त्या वयाला भरपूर होतं.

पायरी ३: पद्धतींची तोंडओळख

साधनांच्या वर्णनात काही नावं वारंवार येतात. ती माहीत असली की एखादी वस्तू कोणत्या विचारातून बनली आहे ते लगेच कळतं.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांची साधनं हाताळायची असतात, त्यांतली चूक बहुधा मुलाला स्वतःलाच दिसते आणि मोठ्यांनी मध्ये पडायचं नसतं. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्रज शिक्षिकेने छोटे पाठ, सकस पुस्तकं, निसर्गनिरीक्षण आणि 'ऐकलेलं पुन्हा स्वतःच्या शब्दांत सांगणं' यांवर भर दिला. जॉन होल्ट या अमेरिकी शिक्षकाने ठरीव अभ्यासक्रमच बाजूला ठेवून मुलाच्या कुतूहलामागे जायचा आग्रह धरला आणि १९७७ मध्ये अशा कुटुंबांसाठी नियतकालिक सुरू केलं. त्याच वाटेला अनस्कूलिंग म्हणतात. याशिवाय एकाच विषयाभोवती सगळं गुंफणारे प्रकल्प असतात. नदी हा विषय घेतला की भूगोल, इतिहास, मोजमाप, कविता सगळं नदीवरच.

एका पद्धतीला निष्ठा वाहायची गरज नाही. बहुतेक घरांत वर्षभरात मिश्रणच तयार होतं. यातलं मेसनबाईंचं पुन्हा सांगणं मात्र प्रत्येक घराने उचलावं असं मला मनापासून वाटतं. एक उतारा एकदाच वाचून दाखवायचा आणि पुस्तक मिटून 'आता तू सांग' म्हणायचं. एवढ्यात लक्ष, आठवण, वाक्यरचना आणि क्रम यांचा एकत्र सराव होतो. मूल काय वगळतं, त्यावरून त्याला काय कळलं नाही तेही कळतं. खर्च काहीच नाही. लहान मुलांसाठी पाठ पंधरा-वीस मिनिटांपेक्षा लांबवू नका.

पायरी ४: गणित

गणितात एक पायरी कच्ची राहिली की पुढच्या तीन डळमळतात. म्हणून इथे एक मुख्य अभ्यासक्रम ठरवून तोच चालवावा.

पातळी आधी शोधा. वय किंवा इयत्ता पाहून पुस्तक घेऊ नका. बऱ्याच अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळांवर पातळी ठरवणारी चाचणी फुकट असते. तसं काही नसेल तर एखाद्या इयत्तेच्या पुस्तकातल्या शेवटच्या चाचण्या द्या. दहापैकी आठ उत्तरं बरोबर येतात आणि मूल कारण सांगू शकतं ती पातळी झाली असं समजा. जिथे अडखळतं तिथून सुरुवात करा. मग ते दोन इयत्ता मागे असलं तरी चालेल. घरी एकाच मुलाकडे लक्ष असतं, त्यामुळे मागची कसर झपाट्याने भरून निघते.

अभ्यासक्रम दोन घडणींचे असतात. काहींत एक संकल्पना पक्की होईपर्यंत तीच चालते. अपूर्णांक म्हणजे अनेक आठवडे अपूर्णांकच. दुसऱ्या प्रकारात थोडं शिकून पुढे जायचं आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच विषयाकडे वळायचं. पहिल्याने खोली येते, पण सतत एकच पाहून कंटाळणाऱ्या मुलाची दमछाक होते. दुसऱ्याने उजळणी आपोआप होते, पण ज्याला तुकडे जोडणं जड जातं ते मूल गोंधळतं. तुमची वही उघडून ठरवा.

कोणताही घेतलात तरी क्रम सांभाळा: आधी हातात धरायची वस्तू, मग चित्र, मग आकडे. सिंगापूरच्या गणिताची जगभर वाखाणणी होते ती याच क्रमामुळे. त्यासाठी रंगीत कांड्यांचा संच मला सगळ्यात उपयोगी वाटतो. बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी त्या बनवल्या. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत दहा लांब्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. पिवळ्या दोन ठेवल्या की केशरी एक होते, म्हणजे पाच आणि पाच दहा. पाढे, विभाजक, अपूर्णांक, क्षेत्रफळ सगळं या कांड्यांवर दाखवता येतं. विकतच्या नसतील तर जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या मापाने कापून रंगवा. कापताना आणि मोजतानाही गणितच होतं.

खान अकॅडमीचा वापर नीट समजून करा. २००८ मध्ये सुरू झालेली ही ना-नफा संस्था व्हिडिओ आणि सराव मोफत देते. सराव करताना प्रत्येक कौशल्यावर मूल कुठे आहे ते दिसतं. त्यातला सराव फार चांगला आहे, पण लहान मुलाला नवी संकल्पना पहिल्यांदा पडद्यावरून शिकवू नये असं माझं मत आहे. संकल्पना तुमच्याबरोबर टेबलावर, सराव तिथे, आणि तुम्ही अडलात तर व्हिडिओ आधी तुम्ही पाहायचा. भूमिती आणि आलेख आले की जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर घ्या. त्रिकोणाचा एक कोपरा ओढला की कोन बदलतात पण त्यांची बेरीज तीच राहते, हे मुलाला स्वतःच्या हाताने पाहता येतं.

पायरी ५: वाचन आणि भाषा

इंग्रजी वाचन शिकवण्याचे कार्यक्रम ढीगभर आहेत, आणि ते मराठीला जसेच्या तसे लावले की घोटाळा होतो. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार असल्यामुळे तिथे ध्वनी आणि अक्षरगट शिकवण्यात बराच काळ जातो. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंच सरळ आहे. अडचण आहे ती अक्षरांच्या संख्येची, काना-मात्रा-वेलांट्यांची आणि जोडाक्षरांची. म्हणून 'अ आ इ ई' पूर्ण पाठ होईपर्यंत थांबू नका. ग, म, भ, न यांसारख्या वळणाने जवळच्या अक्षरांपासून सुरुवात करा, काना लगेच द्या आणि पहिल्या आठवड्यातच 'नग', 'मान', 'गाभा' असे शब्द वाचू द्या. वाचता येतंय हा आनंद लवकर मिळाला की पुढची वेलांटी जड जात नाही. च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार मूल बोलण्यातून आधीच जाणतं. वाचताना तेवढं लक्षात आणून द्या.

दोन भाषांत वाचन शिकवायचं असेल तर एक सुटसुटीत होईपर्यंत दुसरी फक्त ऐकण्या-बोलण्यात ठेवणं मुलाला सोपं जातं.

वाचायला काय द्यायचं? प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह शेकडो भाषांतल्या चित्रगोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. त्या मुक्त परवान्याखाली असल्याने छापता येतात, भाषांतरित करता येतात आणि मुलाला स्वतःची गोष्टही रचता येते. जुनी इंग्रजी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मिळतात. हा प्रकल्प १९७१ पासून चालू आहे. तीच वाचलेली ऐकायची तर २००५ मध्ये सुरू झालेलं लिब्रीवॉक्स आहे. तिथे वाचणारे स्वयंसेवक असतात, त्यामुळे आवाजाचा दर्जा कमी-जास्त होतो. पाच मिनिटं ऐकून मगच निवडा. आणि मूल स्वतः वाचू लागलं तरी मोठ्याने वाचून दाखवणं थांबवू नका. त्याच्या वाचनशक्तीपेक्षा वरची भाषा त्याच्या कानावर याच वाटेने पडते.

अक्षरं उलटी दिसणं, ओळ सुटणं, भरपूर सराव करूनही वाचन न जमणं असं दिसलं तर नवा कार्यक्रम विकत घेण्याआधी तज्ज्ञाकडून तपासणी करा. वाचन-अक्षमता असेल तर पायरी-पायरीने, आवाज, डोळा आणि हात एकत्र वापरून शिकवण्याची खास पद्धत लागते. शिवाय पुढे परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर याच तपासणीचा अहवाल दाखवावा लागतो.

पायरी ६: विज्ञान, आकाश, पक्षी, कोडिंग

इथे मोकळेपणाने वागा. तयार विज्ञान अभ्यासक्रम दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत मला अनावश्यक वाटतो. मुलाचा प्रश्न घ्या आणि त्याला जुळेल ते साधन शोधा.

जे घरी करता येत नाही त्यासाठी फेट आहे. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठात ही सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, सुरू केली. विद्युतमंडल जोडून पाहा, लोलक लांब करा, वायूचं तापमान वाढवा. सगळं मोफत आणि डाउनलोड करून इंटरनेटशिवायही चालतं. जे घरी खरंखुरं करता येतं ते मात्र पडद्यावर करू नका. दोरा आणि वजन बांधून केलेला लोलक आधी, सिम्युलेशन नंतर.

आकाशासाठी संगणकावरचं स्टेलेरियम मोफत आहे. आज संध्याकाळी पश्चिमेला दिसणारा तो तेजस्वी ठिपका शुक्र आहे की गुरू, ते आधी घरात पाहायचं आणि मग गच्चीवर जाऊन शोधायचं. पक्ष्यांचा आवाज ओळखायला कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचं मर्लिन हे ॲप आहे, झाडं आणि किडे ओळखायला सीक हे ॲप. सीकमध्ये खातं उघडावं लागत नाही, म्हणून लहान मुलांसाठी ते जास्त सुरक्षित आहे.

मोठ्या मुलांना झूनिव्हर्स हे संकेतस्थळ दाखवा. तिथे शास्त्रज्ञांच्या खऱ्या माहितीची वर्गवारी सामान्य माणसं करतात. त्याची सुरुवात ज्या दीर्घिका-प्रकल्पापासून झाली, त्यात २००७ मध्ये हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला छायाचित्रात एक विचित्र हिरवट-निळा ढग दिसला. तोवर कोणाच्याच लक्षात न आलेली ती वस्तू आज तिच्या नावाने ओळखली जाते. बारा वर्षांच्या मुलाला ही हकिकत सांगा आणि मग काम द्या. ते किती मन लावून बघतं ते दिसेल.

कोडिंगला पाच ते सात वर्षांसाठी स्क्रॅच ज्युनिअर, आठच्या पुढे स्क्रॅच. दोन्ही मोफत. कोडिंगचे महागडे वर्ग सुरू करण्याआधी सहा महिने हे वापरून पाहा.

पायरी ७: लक्षात राहावं म्हणून

घरशाळेत परीक्षा नसते, त्यामुळे शिकलेलं हळूहळू विरतं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच विसरण्याचा वेग मोजून दाखवला होता. त्यावर साधा उपाय म्हणजे पत्त्यांची पेटी. तीन कप्पे करा. पत्त्याच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. पहिला कप्पा रोज, दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने पाहायचा. बरोबर आलं की पत्ता पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइट्नर यांच्यामुळे ही रीत प्रसिद्ध झाली. पाढे, शब्दार्थ, सनावळ्या, मूलद्रव्यांच्या संज्ञा सगळ्याला चालते. मोठ्या मुलांना हेच काम अँकी हे ॲप करून देतं, पण पत्ते हाताने लिहिण्यानेही अर्धं पाठांतर होतं, म्हणून सुरुवात कागदाने करा.

पायरी ८: खाती, पडदा आणि नेट

मुलाच्या नावाने खातं उघडताना खरं पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो देऊ नका. जिथे पालकाचं खातं आणि त्याखाली मुलाचं अशी सोय असेल तिथे तीच वापरा. 'मोफत चाचणी'साठी कार्डाचा क्रमांक मागत असतील तर रद्द करायची तारीख त्याच क्षणी कॅलेंडरवर टाका.

नेट कमी असेल तर अडू नका. किविक्स या सॉफ्टवेअरमध्ये अख्खा विकिपीडिया उतरवून ठेवता येतो. कोलिब्री हा मंच मुळातच नेट नसलेल्या ठिकाणांसाठी बनवलेला आहे आणि त्यात खान अकॅडमीचे धडेही मिळतात. एकदा उतरवून घेतलं की जाहिराती आणि भलते व्हिडिओही आपोआप टळतात. त्यामुळे नेट चांगलं असलेल्या घरांनीही हा मार्ग वापरावा.

पायरी ९: बदलायचं कधी

नवा अभ्यासक्रम पहिल्या दोन आठवड्यांत नावडता ठरला तर लगेच सोडू नका. सहा आठवडे द्या. त्यानंतरही रोज रडारड होत असेल तर आधी पातळी एक पायरी खाली आणा, मग वेळ बदला, मग पाठ अर्धा करा. हे तिन्ही करूनही तसंच राहिलं तर अभ्यासक्रम बदला आणि पैसे वाया गेले म्हणून तोच ओढत बसू नका. मूल आनंदाने करतंय पण महिनाभराने काहीच सांगता येत नाही, अशी उलटी स्थितीही येते. ते साधन करमणुकीचं आहे असं समजून अभ्यासाच्या वेळेतून काढा. दर तीन महिन्यांनी एकदा सगळ्या साधनांची यादी करून जी वापरली गेली नाहीत ती बंद करा.

पायरी १०: नोंदी आणि परीक्षा

मूल दहा-अकरा वर्षांचं झालं की परीक्षेचा विचार सुरू करा, चौदाव्या वर्षी नको. तोवर एक फाइल ठेवा: वाचलेल्या पुस्तकांची यादी, दर महिन्याचा लिहिलेला एक नमुना, गणिताच्या चाचण्या, प्रकल्पांचे फोटो. कायदा मागत असो वा नसो, पुढे प्रवेश घेताना ती कामी येते.

भारतात राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे. माध्यमिक परीक्षेला नोंदणीसाठी किमान वय चौदा लागतं, आणि एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एकेक विषय करून परीक्षा देता येते, हे घरशाळेच्या मुलांना फार सोयीचं आहे. केंब्रिजची आयजीसीएसई ही साधारण दहावीच्या पातळीची परीक्षा १९८८ पासून आहे आणि ती खाजगी विद्यार्थी म्हणून देता येते, पण त्यासाठी असे विद्यार्थी स्वीकारणारं परीक्षा केंद्र तुम्हालाच शोधावं लागतं. सगळी केंद्रं ते करत नाहीत. विज्ञानाच्या विषयांत प्रयोगशाळेतल्या परीक्षेऐवजी 'प्रात्यक्षिकाला पर्याय' अशी लेखी प्रश्नपत्रिका निवडता येते. घरी प्रयोगशाळा नसलेल्या मुलाने तीच घ्यावी. ज्या विषयांना वर्षभराचं काम शिक्षकाने तपासून पाठवावं लागतं, ते खाजगी विद्यार्थ्याला अवघड जातात, म्हणून विषय निवडण्याआधी त्या वर्षाचा अधिकृत अभ्यासक्रम उघडून मूल्यमापनाचं पान वाचा. केंद्राशी परीक्षेच्या निदान एक वर्ष आधी लेखी संपर्क करा आणि चार गोष्टी विचारा: खाजगी विद्यार्थी घेता का, कोणते विषय घेता, नोंदणीची शेवटची तारीख कोणती आणि जादा वेळ हवा असल्यास कोणती कागदपत्रं लागतात.